उतरायचं कुठे?

दुसऱ्या ग्रहावर गाडी पाठवायची म्हटलं की आपल्याला अग्निबाण आठवतो, उड्डाणाची उलटी मोजणी आठवते. मोहीम आखणाऱ्यांचे दिवस मात्र एका नकाशापाशी जातात. गाडी उतरवायची कुठे, हा तिथला मोठा प्रश्न. चाकं केवढी, वजन किती, वीज सूर्याची की किरणोत्सारी इंधनाची, पॅराशूट किती मोठं, हे सगळं त्याच्याशी जोडलेलं असतं. 'पर्सिव्हरन्स' रोव्हरसाठी नासाने पाच वर्षांत साठाहून अधिक जागा चाळल्या आणि २०१८ साली जेझेरो विवर नक्की केलं. एवढा वेळ का लागतो, हे मला आमच्या घरातल्या एका वादामुळे नीट उमगलं.

वाद मामा आणि ताई यांच्यातला. मामा दौंडचे. रेल्वेत लोको पायलट होते, दौंड–मनमाड लाइनवर मालगाड्या चालवून निवृत्त झाले. ताई शिरूरला भूशास्त्र शिकवते. तिच्या विद्यार्थ्यांनी यंदा एक आराखडा करायला घेतला आहे: भारताचा रोव्हर मंगळावर उतरवायचा तर कुठे, काय काय घेऊन आणि किती दिवसांसाठी. मुलांनी जागा निवडली 'मॉर्थ व्हॅलिस' नावाच्या जुन्या दरीच्या काठची. मामांनी ती वही वाचायला मागून घेतली आणि समासात पेन्सिलीने प्रश्न लिहून परत केली. मग एका रविवारी आम्ही तिघे टाकळी हाजीच्या कुंडावर गेलो आणि ते प्रश्न तोंडी सुरू झाले.

ज्यांनी ही जागा पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कुकडी नदी इथे काळ्या कातळातून वाहते. अलीकडे शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी, पलीकडे पारनेर तालुक्यातलं निघोज. पात्रातल्या कातळात रांजणाएवढे, कुठे माणूस उभा मावेल एवढे खळगे पडले आहेत. प्रवाहात सापडलेले गोटे भोवऱ्यात गरगर फिरत राहिले आणि त्यांनी हजारो वर्षांत दगड कोरून काढला. पाण्याने खडकावर काय लिहून ठेवलं आहे हे शिकायला याहून चांगली शाळा जवळपास नाही. ताई मुलांना दरवर्षी इथे आणते.

मामा : पहिला प्रश्न. तुझ्या पोरांनी निवडलेली जागा जाणकारांनी किती वेळा सोडून दिली आहे?

ताई : दोनदा. क्युरिऑसिटीच्या वेळी ती शेवटच्या चार जागांत होती. गेल, होल्डन, एबर्सवाल्ड आणि मॉर्थ. निवड गेल विवराची झाली. पुढे युरोपच्या रोझलिंड फ्रँकलिन रोव्हरसाठी ती शेवटच्या दोनांत आली, तेव्हा ऑक्सिया प्लानमने बाजी मारली.

मामा : म्हणजे ज्यांच्याकडे पैसा, अनुभव, सगळं आहे ते दोनदा मागे फिरले. आणि ज्या देशाने अजून मंगळावर चाक टेकवलेलं नाही, त्याने पहिल्याच खेपेला तिथे जावं?

ताई : जागा वाईट म्हणून कुणी सोडली नाही, मामा. तिथे चिकणमातीचे थर आहेत, एकावर एक, शंभर-दीडशे मीटरांहून जाड. जवळपास चार अब्ज वर्षांपूर्वीचे. आता हा खालचा कातळ बघा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, बेसाल्ट. ह्याला पाणी लागलं, युगानुयुगं मुरलं, की त्याची काळी माती होते. तुमच्या दौंडकडच्या रानाला उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात त्या कशाने? त्या मातीत स्मेक्टाइट जातीची खनिजं आहेत. पाणी प्यायली की फुगतात, वाळली की आक्रसतात. मॉर्थच्या थरांत त्याच जातीची, लोह जास्त असलेली खनिजं सापडली आहेत. मंगळही बेसाल्टचाच. तिथे एवढी माती झाली असेल तर पाणी नुसतं वाहून गेलं नाही, ते राहिलं. ते किती काळ राहिलं आणि त्यात काही जगू शकलं असतं का, हे विचारायला जायचं आहे. मग जिथे उत्तर आहे तिथेच नको का जायला?

मामा : उत्तर तिथे आहे, बरोबर. तिथे पोचणारी गाडी आहे का?

इथे मामांनी आपल्या धंद्यातली गोष्ट काढली आणि मला वाटतं, त्यांच्या सगळ्या म्हणण्याचा कणा त्या गोष्टीत आहे.

मामा : नवीन सेक्शन मिळाला की आम्हाला लगेच गाडी देत नसत. आधी रोड लर्निंग. दुसऱ्याच्या इंजिनात उभं राहून दिवसा जायचं, रात्री जायचं. चढ कुठे, उतार कुठे, कोणता सिग्नल वळणाआड आहे, ब्रेक कुठून धरायला घ्यायचा, हे पाठ करायचं. मग सही करायची, की हा सेक्शन मला ठाऊक आहे. एवढं झाल्यावरही निघताना हातात कॉशन ऑर्डर. अमुक किलोमीटरपासून तमुक किलोमीटरपर्यंत वेग एवढाच, कारण तिथे रूळ बदलताहेत किंवा भराव खचलाय. माझ्यासमोर रूळ होते, तरीही एवढं. तुमच्या रोव्हरला तर रूळही नाही. त्याला सेक्शन कोण शिकवणार?

ताई : वरून शिकतात. मंगळाभोवती २००६ पासून एक यान फिरतंय, त्याच्या कॅमेऱ्याला जमिनीवरचे तीस सेंटिमीटर एका ठिपक्यात दिसतात. टेबलाएवढा धोंडा स्पष्ट मोजता येतो. आपल्या चांद्रयान-२ च्या कॅमेऱ्याची नजर तेवढीच बारीक आहे. त्याच्याच फोटोंवरून चांद्रयान-३ ची जागा तपासली.

मामा : फोटोत धोंडा दिसेल. जमीन भुसभुशीत आहे की टणक, ते कसं दिसणार?

ताई : तेही दिसतं, रात्री. ऊन उतरून तास होत आला ना? आता कातळावर हात ठेवा. अजून कोमट आहे. आणि ही बाजूची वाळू बघा, गार पडली. दगड दिवसाची ऊब धरून ठेवतो, धूळ लगेच सोडते. मंगळाभोवतीच्या यानांनी पहाटेचं तापमान मोजून सबंध ग्रहाचा असा नकाशा केला आहे. जिथे पृष्ठभाग फार लवकर गार होतो तिथे धुळीचे जाड थर असणार. तिथे उतरायचं नाही.

मामांनी खरोखरच एक हात कातळावर आणि एक वाळूवर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

मामा : हे आवडलं मला. पण हे वरच्या थराचं झालं. पापुद्रा टणक आणि खाली पोकळ असेल तर?

ताईने इथे गप्प बसून वाद टाळला असता तर चाललं असतं. पण तिने मामांच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा स्वतःच सांगितला. 'स्पिरिट' रोव्हर २००४ साली गुसेव विवरात उतरला. तिथे जुनं तळं असावं असा अंदाज होता. निघालं लाव्ह्याचं पठार, आपल्या दख्खनसारखं. टेकड्यांपर्यंत चालत जाऊन त्याने पाण्याच्या खुणा शोधल्या. २००९ मध्ये 'ट्रॉय' नाव दिलेल्या जागी त्याच्या चाकांखालचा पापुद्रा फुटला. खाली सल्फेटी क्षारांची मऊ वाळू होती. महिनोन्‌महिने पृथ्वीवर तशीच वाळू करून, तशीच गाडी रुतवून, बाहेर काढायच्या युक्त्या करून पाहिल्या. गाडी निघाली नाही. हिवाळा आला, पॅनल सूर्याकडे वळवता येईनात, आणि २२ मार्च २०१० नंतर तिचा आवाज आला नाही.

मामा : आणि दुसरी जुळी? ऑपॉर्च्युनिटी? ती कुठे उतरवली होती?

ताई : मेरिडियानीच्या मैदानावर.

मामा : सपाट.

ताई : मंगळावर तेव्हा ठाऊक असलेल्या सगळ्यात सपाट, सगळ्यात सुरक्षित जागांपैकी एक.

मामा : किती चालली?

ताई : नव्वद दिवसांसाठी पाठवली होती. २०१८ च्या जूनपर्यंत बोलत होती. पंचेचाळीस किलोमीटर गेली.

मामा : बघ!

ताई : पूर्ण बघा ना मग. मेरिडियानी सपाट म्हणून निवडली, हे अर्धंच झालं. तिथे हेमॅटाइट आहे, हे कक्षेतल्या यानाने आधी ओळखलं होतं. राखाडी हेमॅटाइट बऱ्याचदा पाण्यात तयार होतं. म्हणजे प्रश्न हातात होता आणि नशिबाने तो सपाट जागी होता. सपाट तर मंगळाचा अर्धा उत्तर गोलार्ध आहे. नुसत्या सपाटीला गेलो तर धूळ आणि लाव्हा बघून परत.

माझं मत विचाराल तर इथे ताईचं पारडं जड होतं. मोहिमेची कागदपत्रं वाचताना आपण सुरक्षितता आणि जिज्ञासा यांना दोन टोकांना बसवतो. पण अनुभवी आखणीकार दोन्ही एकाच यादीत लिहितात आणि प्रत्येक जागेला दोन्हींचे गुण देतात. चढ पंधरा अंशांहून कमी, मोठे धोंडे विरळ, जमीन सखल, म्हणजे पॅराशूटला हवा जास्त मिळते. मंगळाची हवा आपल्या हवेच्या एक टक्क्याहून विरळ, त्यामुळे दोन-तीन किलोमीटर उंची वाढली तरी उतरणं अवघड होऊन बसतं. ही गाळणी लावून उरलेल्या जागांमध्ये विज्ञान शोधायचं असतं. शिवाय काही जागा विज्ञानासाठी सगळ्यात मोलाच्या असूनही तिथे जायला मनाई असते. जिथे आजही ओलावा असू शकेल तिथे पृथ्वीवरचे जंतू घेऊन जायचे नाहीत, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. जीव शोधायला गेलो आणि आपलेच जंतू पेरून आलो, तर पुढच्या पिढ्यांचा प्रश्नच नासला.

मग बोलणं लंबवर्तुळावर आलं. यान नेमकं एका बिंदूवर उतरत नाही. ते अमुक एवढ्या लंबवर्तुळात कुठेतरी उतरेल, एवढंच सांगता येतं. १९९७ साली पाथफाइंडर छोट्या सोजर्नर रोव्हरला घेऊन गेलं तेव्हा ते वर्तुळ २०० किलोमीटर लांब आणि ७० रुंद होतं. मामांनी लगेच हिशेब केला: दौंडला उतरायचं ठरवून माणूस सोलापुरात उतरला तरी वेळापत्रकात बसतं. क्युरिऑसिटीचं वर्तुळ २० बाय ७ किलोमीटर होतं, पर्सिव्हरन्सचं साधारण ७.७ बाय ६.६.

ताई : म्हणूनच जेझेरोला जाता आलं. आधीच्या मोहिमांना ते विवर धोक्याचं वाटलं होतं. कडे, धोंडे, वाळूच्या लाटा. पर्सिव्हरन्स उतरता उतरता खालचे फोटो काढत होतं, ते जवळच्या नकाशाशी ताडून पाहत होतं आणि वाईट जागा टाळून बाजूला सरकत होतं. १८ फेब्रुवारी २०२१ ला ते जुन्या नदीच्या मुखाशी उतरलं. जागा बदलली नव्हती, मामा. उतरण्याची कला बदलली होती. तुम्ही म्हणता तसं फक्त सुरक्षित जागीच जात राहिलो असतो तर ही कला कुणी शिकलंच नसतं.

मामा : आता माझं ऐक. सप्टेंबर २०१९. चांद्रयान-२ चा विक्रम पडला. किती जागेत उतरायला सांगितलं होतं त्याला?

ताई : पाचशे मीटर बाय पाचशे मीटर.

मामा : आणि २०२३ ला?

ताई : चार किलोमीटर बाय दोन पूर्णांक चार.

मामा : हेच मी पोरांच्या वहीत लिहिलंय. अमेरिका वर्तुळ लहान करत गेली आणि उतरली. आपण वर्तुळ मोठं केलं आणि उतरलो. इंधन जास्त घेतलं, पाय मजबूत केले, वेग थोडा जास्त राहिला तरी चालेल असं केलं. काय काय बिघडू शकेल ते आधी मांडलं आणि मग यान बनवलं. ह्यात कमीपणा काय आहे? २३ ऑगस्टला माझ्या घरी शेजारपाजारची वीस माणसं टीव्हीपुढे होती. सव्वीस किलोची प्रज्ञान गाडी. मोठी नाही, पण तिने चंद्राच्या मातीत गंधक आहे ते मोजून सांगितलं. पहिली गाडी लहान असू दे. चालू दे. दुसरी मोठी कर.

ताई यावर काही बोलली नाही. मामांचा हा मुद्दा मला आजही खोडता येत नाही. चांद्रयान-३ च्या वेळी इस्रोने उघडपणे सांगितलं होतं, की यशाची कल्पना करून नव्हे, अपयशाची कल्पना करून ही रचना केली आहे. आखणीची अशी तऱ्हा आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळते.

पडणं म्हणजे काय असतं, हे आमच्या भागातल्या लोकांनी एकदा जवळून ऐकलंही आहे, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. टाकळी हाजीपासून वायव्येला, जुन्नर तालुक्यात खोडदला, गोविंद स्वरूपांनी उभी केलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं स्किआपारेली यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याच्या ट्रान्समीटरचा अगदी क्षीण सूर या तबकड्या ऐकत होत्या. तो सूर इथे पोचायला दहा मिनिटांच्या आसपास लागत होते. पॅराशूट उघडलं, सूर चालू होता. मग जमिनीला टेकायच्या ठरलेल्या वेळेच्या मिनिटभर आधी तो थांबला. नंतरच्या चौकशीत कळलं ते असं: पॅराशूट उघडल्यावर यान इतकं हेलकावलं, की वळणं मोजणारं उपकरण सेकंदभर मापाबाहेर गेलं. त्या एका चुकीच्या आकड्यावरून संगणकाने उंची काढली ती शून्याच्या खाली आली. म्हणजे, यानाच्या समजुतीप्रमाणे ते जमिनीखाली होतं. त्याने पॅराशूट सोडून दिलं, इंजिनं जेमतेम तीन सेकंद चालवून बंद केली, आणि पावणेचार किलोमीटरवरून ते कोसळलं.

मामांना ही गोष्ट ठाऊक नव्हती. ती ऐकून ते बराच वेळ नदीकडे बघत होते.

मामा : त्याला कुणी शिकवलं नव्हतं का, की उंची शून्याच्या खाली आली म्हणजे आपलंच काहीतरी चुकलंय?

ताई : नाही. तेच नंतर सगळ्यांनी लिहून घेतलं.

मामा : आमच्या नियमात पहिलं वाक्य ते आहे. शंका आली की सुरक्षित बाजू धरायची. सिग्नल नीट दिसला नाही तर तो लालच आहे असं धरायचं आणि थांबायचं. प्रज्ञानने ते केलं. समोर तीन मीटरवर चार मीटरचा खड्डा, तर गाडी मागे घेतली.

ताई : तिला इथून सांगून मागे घेतली. चंद्रापर्यंत आवाज सव्वा सेकंदात जातो. मंगळापर्यंत कमीत कमी तीन मिनिटं, ग्रह लांब असताना बावीस. आणि खरी अडचण ती मिनिटंही नाहीत. रोव्हरला दिवसाचा सगळा कार्यक्रम साधारणपणे सकाळी एकदाच पाठवतात. दिवसभर तो आपला आपण असतो. काय केलं ते तो दुपारनंतर वरून जाणाऱ्या यानामार्फत कळवतो. त्याने दर शंकेला थांबायचं ठरवलं तर दिवस तिथेच संपला. उद्या विचारणार, परवा चालणार.

मामा : संपू दे. गाडी शाबूत आहे ना?

ताई : शाबूत राहत नाही! हेच तर सांगतेय. थांबलेली गाडीसुद्धा आयुष्य खर्च करत असते. पॅनलवर धूळ बसत असते, बॅटरी रोज रात्री उणे ऐंशी-नव्वदात गोठत असते, हिवाळा जवळ येत असतो. चीनचा झुरोंग २०२२ च्या मे महिन्यात हिवाळ्यापुरता झोपला आणि उठलाच नाही. तुमची मालगाडी सिग्नलला दोन तास उभी राहिली तर फार तर बोलणी बसत. रोव्हर उभा राहिला तर तो थोडा थोडा मरत असतो. म्हणून पर्सिव्हरन्सला चालता चालता विचार करायला शिकवलं. त्याच्या सुरुवातीच्या प्रवासातलं बहुतेक अंतर त्याने स्वतः वाट शोधत कापलं.

हा मुद्दा तिथे मिटला नाही आणि मिटावा असंही मला वाटत नाही. थांबण्याची किंमत आणि चालण्याची किंमत, दोन्ही प्रत्येक दिवशी नव्याने मोजाव्या लागतात. क्युरिऑसिटीच्या लोकांनी २०१३ मध्ये चाकांना पडलेली भोकं पाहिली. जमिनीत रुतलेल्या टोकदार दगडांनी पातळ ॲल्युमिनियम फाडलं होतं. मग त्यांनी वाट बदलली, लांबचा पण मऊ रस्ता धरला. त्यात गेलेले दिवस कुणी वाया गेलेले मानत नाही.

परतीच्या वाटेवर, गाडीत, बोलण्याचा सूर बदलला. आता दोघंही वहीतच घुसले होते. मामांनी विचारलं, संदेश कोणामार्फत पाठवणार? मुलांनी ते लिहिलंच नव्हतं. आपलं मंगळयान २०१४ ते २०२२ मंगळाभोवती होतं. आता ते बोलत नाही, आणि त्याची कक्षाही इतकी लांबट होती, की ते कधी चारशे किलोमीटरवर असे तर कधी पंचाहत्तर हजारांच्या पलीकडे. निरोप्याचं काम करायला एक यान आधी किंवा सोबत हवंच. ताईने वहीत मोठ्या अक्षरात ते लिहून घेतलं. त्याने वजन वाढणार होतं, खर्च वाढणार होता, रोव्हर लहान होणार होता. मामांनी यावर विजयी चेहरा केला नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो.

मग चाचणीचं निघालं. चंद्राच्या डोंगराळ भागातली माती म्हणून इस्रोने तामिळनाडूतल्या सित्तमपुंडीचा अनॉर्थोसाइट दगड दळून वापरला, कारण तो तिथल्या दगडाच्या जातीचा. ताईचं म्हणणं, मंगळासाठी दख्खनचा बेसाल्ट आहे. आपल्या नगर रस्त्यावरच्या वाघोलीच्या खाणींत बेसाल्टच्या पोकळ्यांमध्ये झिओलाइट आणि जगभर नावाजलेलं निळं कॅव्हनसाइट निघतं. ती खनिजं कोमट पाणी दगडात झिरपल्यामुळे झाली. रोव्हरच्या उपकरणाने त्या पोकळीपुढे उभं राहून "इथे पाणी होतं" असं ओळखलं पाहिजे, ही पहिली परीक्षा. गाडीचे सुटे भाग पाबळला करता येतील, असंही तिच्या मनात आहे. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात २००२ पासून फॅब लॅब आहे, आणि हाताने करत शिकायचं हीच तिथली पहिल्यापासूनची रीत.

मामा : दगड झाला, खनिज झालं. पापुद्र्याचं काय? तुझा स्पिरिट ज्यात फसला ते?

ताई : तेच कळत नाहीये. वाळूच्या हौदात मीठ टाकून वर पाणी मारून बघणार आहोत.

मामा : हौद कशाला? भीमेकाठी चल माझ्याबरोबर. कालव्याचं पाणी आणि ऊस, वर्षानुवर्षं. रानं चोपण झालीत. वरून पांढरी साय धरते, वाळलेली दिसते, पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत. उन्हाळ्यात एक तऱ्हा, पावसानंतर दुसरी. ट्रॅक्टरवाल्याला विचार, कुठून घालायचा आणि कुठून नाही ते तो लांबून सांगतो. कसं ओळखतो ते त्याला शब्दात नाही सांगता येणार. पोरांनी त्याच्यासोबत आठ दिवस हिंडावं. तुझ्या गाडीच्या कॅमेऱ्याला ते शिकवता आलं तर बघ.

ताईने गाडी बाजूला घेतली. न्हावऱ्याच्या अलीकडे, रस्त्याकडेला. वही मागितली. तिथे बसून त्या दोघांनी जो बदल केला तो असा: रोव्हर मॉर्थच्या चिकणमातीवर थेट उतरणार नाही. कडेच्या सपाट पट्ट्यावर उतरेल आणि थरांपर्यंत चालत जाईल. क्युरिऑसिटीने असंच केलं होतं. ऑगस्ट २०१२ मध्ये मैदानावर उतरून डोंगराच्या पायथ्याशी पोचायला त्याला दोन वर्षं लागली.

ताई : आणि गंमत माहितीये, मामा? डोंगराकडे निघण्याआधी तो उलट्या दिशेला गेला. उतरल्या जागेपासून अर्धा किलोमीटरवर यलोनाइफ बे नावाचा सखल भाग आहे. तिथे २०१३ च्या फेब्रुवारीत त्याने खडकात भोक पाडलं, आणि एका गोड्या पाण्याच्या जुन्या तळ्याचा गाळ हाती लागला. सूक्ष्म जीव जगू शकले असते असं पाणी. ज्यासाठी डोंगर चढायचा होता त्यातलं मोठं उत्तर उतरल्या जागेजवळच मिळालं.

मामा : मग हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. गाडी उतरल्या जागीच बंद पडली तर पोरांच्या हातात काय येईल? पहिल्या दहा दिवसांचं काम आधी. ते झालं म्हणजे मोहीम झाली. बाकीचं मिळेल तेवढं.

ताई : लिहिते. पण चालायचं अंतर मी कमी करणार नाही.

मामा : किती धरलंय?

ताई : बारा किलोमीटर.

मामा : रोजचे किती मीटर?

ताई : पन्नास. थांबून मोजमापं घेण्याचे दिवस वेगळे.

मामा : म्हणजे नुसत्या चालण्याचेच दोनशे चाळीस दिवस. थांबायचे धरून दीडपट-दुप्पट. गाडी किती दिवसांची बांधताय?

ताई : एकशे ऐंशी.

मामा : मग पाच किलोमीटर धर.

ताई : पाचात चिकणमाती येत नाही. सात.

मामा : सातात येते? नकाशा दाखव.

तिने मोबाइलवर नकाशा काढला आणि दोघं पट्टी घेऊन त्यावर वाकले. चिकणमातीच्या अगदी पहिल्या थराची कड साडेसहा किलोमीटरवर येत होती. पण तिथला उतार अठरा अंशांचा होता.